न दिसणारें दुखणें आणि दिवसाचें माप

दुखण्याची पारख करण्याची आमच्या खेड्यांतील रीत फार जुनी व फार सोपी आहे. ताप असेल तर तो हाताला लागतो. जखम असेल तर ती डोळ्यांस दिसते. हाड मोडलें असेल तर पाय जमिनीवर टेकत नाहीं. ह्या तिघांपैकीं एक साक्षीदार मिळाला म्हणजे आजाऱ्यास खाट मिळते, शेजारी विचारपूस करावयास येतात, आणि शेतधनीही एक दिवसाचा खाडा सोसतो. परंतु ज्या दुखण्याला ह्यांपैकीं एकही साक्षीदार नाहीं, जें हाडांच्या आंत राहतें, आज येतें, उद्यां जातें, आणि परवां न सांगतां परत येतें, त्याचा न्याय आपण कसा करावा? असा दुखणाईत मनुष्य आपल्या घराला किती काम देणें लागतो, आणि घर व गांव त्याला किती विश्वास देणें लागतात? हा प्रश्न वैद्यकाचा कमी आणि नीतीचा अधिक आहे, म्हणून तो आम्ही आज वाचकांपुढें मांडीत आहों.

हा प्रश्न आम्हीं हवेंतून काढलेला नाहीं. देवळी, पुलगांव आणि वर्धा नदीच्या कांठचीं खेडीं ह्या भागांत, किंबहुना सबंध विदर्भांत, सिकलसेल नांवाचा रक्ताचा आजार कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. आदिवासी समाजांत, आणि पूर्वीं ज्यांस अस्पृश्य म्हणून गांवाबाहेर ठेविलें होतें त्या समाजांत, तो अधिक आढळतो. म्हणजे ज्यांचें पोट हातावर आहे त्यांच्याच हातापायांवर ह्या आजाराचा घाव पडतो. आपल्या रक्तांतील तांबड्या पेशी वाटोळ्या व मऊ असतात, आणि अत्यंत बारीक रक्तवाहिन्यांतूनही त्या दबून वांकून पार होतात. ह्या आजारांत प्राणवायु कमी झाला कीं त्याच पेशी ताठर होऊन विळ्यासारख्या वांकड्या होतात. 'सिकल' ह्या शब्दाचा अर्थच विळा. निरोगी पेशी सुमारें १२० दिवस टिकते. ही वांकडी पेशी १० ते २० दिवसांतच फुटून जाते, म्हणून अंगांत रक्त कमी राहतें व पुष्कळांचे डोळे पिंवळे दिसतात. आणि शेताच्या पाटांत काडीकचरा अडकला म्हणजे पुढच्या वाफ्याला जसें पाणी पोंचत नाहीं, तसें ह्या पेशी वाहिन्यांत अडकल्या म्हणजे पुढच्या भागाला रक्त पोंचत नाहीं. मग हाडांत, पाठींत, छातींत किंवा पोटांत ठणका सुरू होतो. तो कांहीं तासांनीं थांबेल किंवा आठवडाभर चालेल, हें कोणी सांगूं शकत नाहीं. मोठ्या माणसांत तर बहुधा बाहेरून कांहींच दिसत नाहीं.

ह्या आजाराचा शोध लागला त्याची हकीकत आमच्या प्रश्नास उपयोगी आहे. ग्रेनाडा नांवाच्या लहानशा बेटांतून दंतवैद्यक शिकण्यासाठीं एक तरुण १९०४ सालीं शिकागो शहरीं आला. त्याला वारंवार खोकला, ताप, अशक्तपणा आणि अंगदुखी होऊं लागली, आणि डॉक्टर जेम्स हेरिक ह्यांनीं १९१० सालीं त्याच्या रक्तांतील विळ्याच्या आकाराच्या पेशींचें वर्णन छापून प्रसिद्ध केलें. तो तरुण मात्र केवळ रोगी म्हणून राहिला नाहीं. त्यानें शिक्षण पुरें केलें, मायदेशीं परत जाऊन दांतांचा दवाखाना चालविला, आणि १९१६ सालीं छातीच्या विकारानें तो वारला. त्याचें वय तेव्हां अवघें ३२ वर्षांचें होतें. हिंदुस्थानांत ह्या पेशी प्रथम १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील लोकांत आढळल्या, आणि १९५८ सालीं शुक्ल व सोळंकी ह्या डॉक्टरांनीं नागपुराकडील लोकांत त्या असल्याचें प्रसिद्ध केलें. म्हणजे आमच्या आजोबा-पणजोबांच्या घरांत हें दुखणें होतें, पण त्याला नांव नव्हतें. आणि ज्या दुखण्याला नांव नसतें त्याला गांव स्वतःच नांव ठेवितो. कोणी त्याला बाहेरची बाधा म्हणे, कोणी कामचुकारपणा म्हणे, आणि कोणी आईच्या पोटचा दोष म्हणे.

ह्यांतील शेवटचें नांव सर्वांत क्रूर आहे, आणि तें खोटेंही आहे. मुलास हा आजार होण्यास सदोष अंश आई व बाप ह्या दोघांकडूनही यावा लागतो. ज्याच्याजवळ एकच अंश आहे त्याला 'वाहक' म्हणतात. तो बहुधा धडधाकट असतो, आणि आपण वाहक आहों हें त्याला ठाऊकही नसतें. दोन वाहकांचें लग्न झालें तर प्रत्येक खेपेस मूल आजारी निपजण्याचा संभव चारांत एक, वाहक निपजण्याचा चारांत दोन, आणि अगदीं निर्दोष निपजण्याचा चारांत एक असतो. हा हिशेब प्रत्येक बाळंतपणाच्या वेळीं नव्यानें सुरू होतो. एक मूल आजारी झालें म्हणून पुढचीं तीन सुटलीं असें होत नाहीं. म्हणून सुनेला दोष देणाऱ्या सासूनें आपल्या मुलाचेंही रक्त तपासून घ्यावें. आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ज्यांच्यांत हा एकच अंश असतो त्यांस जीवघेण्या हिंवतापापासून पुष्कळ संरक्षण मिळतें, आणि म्हणूनच हिंवतापाच्या मुलुखांत तो टिकून राहिला. ज्या गोष्टीनें आपल्या पूर्वजांतील कित्येकांचीं लेंकरें वांचलीं, तिला शाप कसें म्हणावें?

आतां ह्या दुखण्याच्या ज्या बाजूबद्दल फारसें कोणी बोलत नाहीं, तिच्याकडे वळूं. ती बाजू म्हणजे मळमळ. वेदनेला जगांत कांहीं तरी मान आहे. दांत आवळून ती सोसणाऱ्याची लोक वाहवा करितात. मळमळीला मान नाहीं. ज्याला ओकारी येते त्याच्यापासून लोक तोंड फिरवितात, आणि तो स्वतःही लाजून अंगणाच्या कोपऱ्यांत जातो. परंतु ती येते कशी हें पाहिलें म्हणजे तिच्यांत लाजण्याजोगें कांहीं नाहीं असें दिसून येईल. तीव्र वेदनेनेंच पोट ढवळून निघतें. वेदना शमविण्यासाठीं मॉर्फीनच्या जातीचें औषध द्यावें लागलें तर त्यानेंही मळमळ होते व पोट जड राहतें. हायड्रॉक्सियुरिया नांवाच्या ज्या गोळीनें दुखण्याच्या खेपा कमी होतात, तिनेंही कित्येकांचें तोंड फिरतें. शिवाय तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्यानें पुष्कळांस पित्ताशयांत खडे होतात, आणि उजव्या कुशींत दुखून उलट्या होऊं लागतात. म्हणजे कधीं रोग, कधीं औषध, आणि कधीं दोन्हीं मिळून त्या मनुष्याला अन्नापासून उठवितात.

आणि आमच्या खेड्यांत अन्नापासून उठणें ही लहान गोष्ट नव्हे. पंगतींत बसणें म्हणजे आपलेपणा. वाढलेलें ताट बाजूला सारणें म्हणजे वाढणारीचा अपमान. ज्याला फोडणीचा वास सोसत नाहीं, तो लग्नास गेला तरी मांडवाबाहेर उभा राहतो, आणि लोक म्हणतात कीं ह्याला शिष्टपणा चढला. चार वेळां असें झालें म्हणजे तो जाणेंच सोडतो. हाडांचें दुखणें मनुष्याचें काम हिरावून घेतें, पण मळमळ त्याची संगत हिरावून घेते. आणि ह्या दोहोंत दुसरी हानि लहान आहे असें आम्ही म्हणणार नाहीं.

त्यांत एक मोठा धोकाही आहे, तो प्रत्येक घरानें समजून घ्यावा. ह्या आजारांत मूत्रपिंडांना अंगांतील पाणी नीट राखून ठेवतां येत नाहीं. अंगांतील पाणी घटलें कीं पेशी अधिक वांकड्या होतात. म्हणून उलटीनें पाणी गेलें कीं दुखणें वाढतें, दुखणें वाढलें कीं मळमळ वाढते, आणि मळमळीमुळें पाणी पोटांत जात नाहीं. वैशाखांतल्या वर्ध्याच्या उन्हांत हें चक्र फार वेगानें फिरतें. तें थांबविण्याचे उपाय साधे आहेत. तांब्याभर पाणी एकदम न देतां दर कांहीं मिनिटांनीं चमचा चमचा किंवा घोट घोट द्यावें. एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून केलेलें पाणी, किंवा सरकारी दवाखान्यांत मिळणारी जलसंजीवनी, फार उपयोगी पडते. दोन मोठ्या जेवणांऐवजीं लाह्या, भाताची पेज, कोरड्या भाकरीचा तुकडा, असें थोडें थोडें पांच-सहा वेळां द्यावें. आजाऱ्याची खाट चुलीपासून दूर, वाऱ्याच्या बाजूला असावी. औषधानें मळमळ होत असल्यास तें आपल्या मनानें बंद करूं नये. डॉक्टरांस सांगावें, म्हणजे ते वेळ किंवा प्रमाण बदलतात अथवा मळमळीवर दुसरें औषध देतात. दुकानांतील वेदनेच्या गोळ्या उपाशीं पोटीं वारंवार घेऊं नयेत. त्या पोटाला व मूत्रपिंडांना अपाय करितात. आणि घोटभर पाणीही पोटांत टिकत नसेल, ताप आला असेल, छातींत दुखून दम लागत असेल, एक हात किंवा पाय लुळा पडला असेल, अथवा लहान मुलाचें पोट डाव्या बाजूस एकाएकीं फुगून मूल पांढरें पडलें असेल, तर घरीं एक घटकाही न थांबतां दवाखाना गांठावा. वर्ध्याजवळच सेवाग्राम येथें डॉक्टर सुशीला नायर ह्यांनीं उभारलेलें कस्तुरबा रुग्णालय आहे, आणि त्याला जोडून १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय चालत आलेलें आहे. देवळीकरांस मोठ्या दवाखान्यासाठीं नागपूरच गांठावें लागतें असें नाहीं.

येथपर्यंत शरीराची गोष्ट झाली, आतां कामाची. उन्हाळ्यांत आटत आलेल्या विहिरीचा व्यवहार आमच्या शेतकरी वाचकांस ठाऊक आहे. तिच्यांतून सकाळीं थोडें व संध्याकाळीं थोडें पाणी शेंदलें तर झरा भरत राहतो, आणि घराची तहान भागते. तीच विहीर एके दिवशीं हुरूप येऊन तळापर्यंत उपसली तर पोहऱ्यांत चिखल येतो, आणि पुढें चार दिवस घागर कोरडी राहते. ज्याला कायमचें दुखणें आहे त्याच्या अंगांतील शक्ति ह्या विहिरीसारखी असते. त्याचा खरा शत्रु वाईट दिवस नव्हे; चांगला दिवस होय. चांगला दिवस उजाडला म्हणजे त्याला वाटतें कीं गेल्या आठवड्याचें सगळें देणें आज फेडूं. तो पऱ्हाटींत कापूस वेंचावयास जातो, ऊन कलेपर्यंत थांबत नाहीं, पाणी पिण्यास बांधावर येत नाहीं, आणि रात्रीं खाटेवर पडतो. मग लोक म्हणतात, 'काल तर चांगला होता!' होय, काल तो चांगला होता, आणि काल तो तुमच्या डोळ्यांस भिऊन आपल्या मापाबाहेर गेला, म्हणूनच आज तो उठला नाहीं. दुखणें सुरू होण्यापूर्वीं थांबणें म्हणजे आळस नव्हे. तो उद्यांच्या कामाचा राखलेला झरा आहे. आळशी मनुष्य काम टाळण्यासाठीं थांबतो. हा मनुष्य उद्यांही काम करतां यावें म्हणून थांबतो. बाहेरून दोघेही बांधावर बसलेलेच दिसतात, पण नीतीच्या दृष्टीनें दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, आणि त्याचें म्हणणें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं, कीं असा उपदेश केल्यानें लबाडांचें फावेल. ज्याचें दुखणें कोणास दिसत नाहीं त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा तर प्रत्येक कामचुकार कपाळाला पट्टी बांधून बसेल, आणि त्याचा वांटा कष्टाळू बायकोच्या किंवा भावाच्या डोक्यावर पडेल. असें कधीं कधीं होईल, हें आम्ही नाकबूल करीत नाहीं. परंतु जेथें चूक होण्याचा संभव दोन्ही बाजूंस आहे, तेथें कोणती चूक अधिक महाग पडते हें शहाण्या मनुष्यानें पाहिलें पाहिजे. लबाडावर विश्वास ठेविला तर एक दिवसाची मजुरी बुडते. आणि लबाडी फार दिवस लपत नाहीं. खऱ्या दुखणाइतावर अविश्वास ठेविला तर छातींतील ज्या दुखण्याला रात्रींच दवाखान्यांत न्यावयाचें तें सकाळपर्यंत घरांत राहतें, आणि मग कित्येकदां मनुष्यच बुडतो. शिवाय वेदना मोजण्याचें यंत्र अजून निघालेलें नाहीं. सेवाग्रामचा असो कीं शिकागोचा असो, डॉक्टरही शेवटीं रोग्यालाच विचारतो कीं शून्यापासून दहापर्यंत तुझी वेदना किती? जेथें शास्त्राला रोग्याच्या शब्दावांचून गत्यंतर नाहीं, तेथें शेजाऱ्यानें त्याहून मोठा न्यायाधीश व्हावें काय?

परंतु विश्वास मागणाऱ्यावरही एक कर्तव्य येतें. त्यानें खरें बोलावें, आणि खरें बोलणें म्हणजे जास्त न सांगणें तसेंच कमीही न सांगणें. दुःख वाढवून सांगणें हें असत्य आहे हें सर्वांस कळतें. दुःख लपविणें हेंही असत्यच आहे हें थोड्यांस कळतें. आमच्यांत सोसण्याला मोठा मान आहे, विशेषतः स्त्रियांच्या बाबतींत. आणि जी बाई पोटांत ढवळत असतां चुलीपुढें बसून दहा माणसांच्या भाकरी थापते तिला आपण सोशीक म्हणतों. परंतु सोसणें निराळें आणि गप्प राहणें निराळें. सोसणें म्हणजे जें टाळतां येत नाहीं त्याच्याखालीं न मोडणें. आणि गप्प राहणें म्हणजे जें टाळतां आलें असतें त्याचीही संधि दुसऱ्यास न देणें. 'आज माझ्यानें एवढेंच होईल' हें वाक्य स्पष्टपणें व वेळेवर बोलणें ह्यांत अधिक धैर्य आहे. ज्यानें सकाळींच सांगितलें त्याच्या वांट्याचें काम घराला वांटून घेतां येतें. ज्यानें दुपारीं कोसळून सांगितलें त्याच्याबरोबर सगळ्या घराचा दिवस कोसळतो.

आमच्या मंडळ्यांतील उपदेशकांस येथें दोन शब्द सांगणें अवश्य आहे. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले, तोंवर त्यांनीं मित्राचें काम उत्तम केलें. ते त्याच्या दुःखाचें कारण सांगूं लागले तेव्हांच बिघडलें, आणि शेवटीं देवानें रागें भरलें तें त्यांच्यावर, ईयोबाच्या कण्हण्यावर नव्हे. जन्मांधास पाहून शिष्यांनीं पाप कोणाचें असें विचारलें, तेव्हां प्रभूनें ना त्याचें म्हटलें ना त्याच्या आईबापांचें. आणि 'विश्वास पुरा असता तर दुखणें गेलें असतें' असें जो कोणी खाटेजवळ उभा राहून बोलतो, त्यानें पौलाच्या शरीरांतील कांट्याची आठवण ठेवावी; प्रेषितानें तीन वेळां विनंती केली, आणि कांटा काढला गेला नाहीं. प्रार्थना अवश्य करावी. पण ती करितांना हातांत पाण्याचा पेला असावा, आणि प्रार्थनेनंतर गाडी जोडण्याची तयारी असावी.

घरच्या माणसांचीही बाजू मांडल्याशिवाय हा विचार पुरा होणार नाहीं. दुखणाइताची सेवा करणारी आई किंवा बायको हीही थकते, आणि तिचें थकणें तर कोणी मोजीतच नाहीं. तिच्यावर सगळा भार टाकून गांवानें केवळ दयेचे शब्द बोलावे ह्यांत नीति नाहीं. शेजारणीनें एक वेळची भाकर पाठवावी, कोणी पाण्याच्या दोन घागरी आणाव्या, एखाद्या तरुणानें रात्रीं उशाशीं बसावें. दुखणाइताला सगळ्या कामांतून काढून टाकूं नये. त्याला बसून करण्याजोगें काम द्यावें. बियाणें निवडणें, बचतगटाचा हिशेब लिहिणें, मुलांस अक्षरें शिकविणें, हीं कामें खाटेवरूनही होतात, आणि ज्याच्या हातून कांहीं तरी होतें त्याचें मन खचत नाहीं. थंडीच्या पहाटे त्याला ओलिताला पाठवूं नये. गारठा ह्या दुखण्याला चटकन जागें करितो. आणि जें डोळ्यांस दिसत नाहीं तें कायद्यासही दिसत नाहीं असें समजूं नये. दिव्यांगांच्या हक्कांचा जो कायदा २०१६ सालीं झाला, त्यांत सिकलसेलचा आजार दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांपैकीं एक म्हणून नांव घेऊन मोजलेला आहे. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथून ह्या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, आणि ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांचें रक्त तपासण्याचा व २०४७ पर्यंत हा आजार हटविण्याचा तिचा संकल्प आहे. तेव्हां रक्त तपासून घेण्यास भिऊं नये, आणि लग्न ठरविण्यापूर्वीं तर तें अवश्य तपासावें. गुण पाहतां, घर पाहतां, मग एक थेंब रक्त पाहण्यांत कमीपणा कसला? पण त्या कागदाचा उपयोग सुज्ञपणे जोडी ठरविण्यास करावा; एखाद्या मुलीला जन्मभर नाकारण्यास करूं नये. वाहकाचें निर्दोष मनुष्याशीं लग्न झालें तर त्यांच्या मुलांस हा आजार होत नाहीं.

सारांश, ज्या मनुष्याचें दुखणें कायमचें आहे त्याच्या आयुष्याचें माप दुसऱ्याच्या गजानें घेऊं नये, आणि त्यानेंही तें घेऊं नये. मोठ्या नदीनें शेतें भिजतात, तसेंच आटत्या विहिरीनेंही घराची तहान भागते. मात्र तिच्याजवळ जाणाऱ्यानें घाई करूं नये. तुमच्या शेजारचा मनुष्य आज पंगतींतून उठला, तर त्याच्या पाठीमागें कुजबुजूं नका. एकानें उठावें, त्याला घोटभर पाणी द्यावें, आणि तो सावरेपर्यंत कांहीं न विचारतां त्याच्याजवळ बसून राहावें.